नळीतला नीटनेटका किडा

सोमवार, ३ मार्च

गॅरेजवाल्याने आज हात टेकले. बॉनेट उघडून तो बराच वेळ आत बघत राहिला, जणू विहिरीत काही पडलंय. मग म्हणाला, "साहेब, हिला कॉम्प्युटर जोडायची पिन कुठे असते?"

"नसते," मी म्हणालो.

"मग हिला काय होतंय हे ती सांगणार कशी?"

"खोकते," मागच्या खुर्चीवरून सासरेबुवा म्हणाले. गॅरेजवाला हत्यारं गोळा करून निघून गेला.

तेव्हा ठरलं की हे काम मीच करायचं. मी व्यवसायाने वार्ताहर आणि शिक्षणाने संस्कृतचा, म्हणजे दोन्ही अर्थांनी यंत्रांचा शत्रू. पण प्रयोग करायचा तर टिपणं हवीत, म्हणून ही दैनंदिनी.

परिस्थिती अशी. गाडी सासरेबुवांची, जुनी, सहा सिलिंडर एका रांगेत. लोक निवृत्तीनंतर बागकाम करतात. यांनी भंगारातल्या ट्रकचा टर्बो आणून स्वतःच्या गाडीला बसवला. टर्बो म्हणजे एक पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर तो फिरतो आणि इंजिनाच्याच घशात आणखी हवा कोंबतो. स्वतःच्या उच्छ्वासाने स्वतःलाच स्फुरण चढवणारे प्राणी मी आजवर फक्त कवींमध्ये पाहिले होते. ही जादा हवा आधी कार्ब्युरेटरमध्ये जाते, तिथे तिच्यात पेट्रोल मिसळतं. सपाटीवर सगळं उत्तम. चढ लागला, टर्बो फुंकू लागला, की नेमकी तेव्हाच गाडी दम टाकते.

आणि गाडी सुधारणं का निकडीचं? सासरेबुवा मागच्या हिवाळ्यात आमच्या जिन्यावरून पडले. तेव्हापासून माझी थोरली मेहुणी त्यांना आपल्याकडे न्यायचं म्हणते. तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, समोर हॉस्पिटल आहे. रोजच्या फोनांना कंटाळून म्हाताऱ्याने शेवटी शब्द दिला: "माझी गाडी चालू स्थितीत चांगल्या हाती गेली, की त्याच दिवशी मी थोरलीकडे." शब्दाचे ते पक्के आहेत.

ते राहतात ती वरची खोली म्हणजे माझी अभ्यासिका. माझे ग्रंथ सध्या फ्रिजवर आहेत. न्यायशास्त्र तर थेट फ्रीजरच्या डोक्यावर. तेव्हा या प्रकरणात माझा स्वार्थ उघड आहे आणि तो मी लपवत नाही.

बुधवार, ५ मार्च

पहिला पाठ. पडल्यापासून सासरेबुवांचा हात थरथरतो, म्हणून हात माझे आणि डोकं त्यांचं अशी वाटणी झाली. ते खुर्चीत बसतात, मी बॉनेटखाली वाकतो.

"प्लग काढा, जावईबापू. रंग सांगा."

"पांढरा."

"पांढरा की पिवळट पांढरा?"

"जुन्या पोथीच्या पानासारखा."

"पोथी मी वाचत नाही. बिस्किटाचा रंग सांगा."

बिस्किटाच्या भाषेत प्लग कच्चा निघाला. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. खरपूस भाजलेल्या बिस्किटासारखा हवा, आणि काळा झाला तर पेट्रोल जास्त. एवढं स्वच्छ शास्त्र मी फार कमी शास्त्रांत पाहिलं आहे.

कार्ब्युरेटरची खालची बाजू दिसेना, म्हणून बायकोच्या क्लिनिकच्या बॅगेतून दात बघायचा छोटा आरसा उचलला. ही दंतवैद्य आहे. संध्याकाळी आरशाला ग्रीस लागलेलं बघून ओरडेल असं वाटलं होतं, पण म्हणाली, "उजवीकडून घाला आरसा. डावीकडून ती सळई आड येते."

मी बघतच राहिलो.

"अहो, लहानपणी टॉर्च मीच धरायचे. ताई पाने-पकडी द्यायची. दात आणि कार्ब्युरेटर सारखेच. अंधार, भोक, आणि मागून कुणीतरी 'झालं का?' विचारणारं. कार्ब्युरेटर फक्त चावत नाही."

तिच्या कोटाच्या खिशात नेहमीसारख्या त्या कापसाच्या गुंडाळ्या होत्या. रुग्णाच्या गालात कोंबतात त्या, बोटाएवढ्या. आमच्या घरात त्या सोफ्याच्या फटीतसुद्धा सापडतात. घराला कायम लवंगेच्या तेलाचा वास. बाहेरच्यांना वाटतं आम्ही मसाल्याचा व्यापार करतो.

रविवार, ९ मार्च

जेट बदलले. जेट म्हणजे पितळेचा एक इवलासा खिळा, मधोमध भोक असलेला. त्यातून पेट्रोल जातं. भोक मोठं तर पेट्रोल जास्त. सासरेबुवांच्या आज्ञेवरून मोठे घातले आणि चाचणीला निघालो. आमच्या घरामागून एक रस्ता टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत वळणं घेत जातो, तो आमचा परीक्षेचा हॉल.

सपाटीवर मागे काळा धूर सोडत गेलो. दुसऱ्या वळणावर चढ उभा झाला, टर्बोने शीळ धरली, आणि गाडी "हुक्" करून गप्प झाली.

तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात डोंगरावर धूर दिसतो आणि त्यावरून तिथे अग्नी असल्याचं सिद्ध होतं. आमच्याकडे डोंगर होता, धूर होता, अग्नीच तेवढा नव्हता. इतक्या शतकांच्या शास्त्राला सासरेबुवांच्या गाडीने दुसऱ्या वळणावर तडा दिला, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्या शास्त्रात धूर कुठला, एक्झॉस्टचा की ऑइलचा, हे बघत नाहीत?"

"नाही."

"मग कच्चं आहे शास्त्र."

परत येताना न्यूट्रलमध्ये उतार उतरलो. ते खिडकीतून हात बाहेर काढून बसले होते. हरलेल्या माणसाने इतकं खूश दिसू नये.

बुधवार, १२ मार्च

थोरलीचा फोन. "भावजी, झाली का गाडी?"

"प्लगचा रंग आला आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीतला तो तरंगणारा फ्लोट बघतोय."

"फ्लोट? चढावर दम तोडते आणि तुम्ही फ्लोट बघताय?" तिचा आवाज एकदम धारदार झाला. "बाबा काय म्हणतात?"

"तेच म्हणाले फ्लोट बघा."

"बाबा म्हणाले," तिने एकेक शब्द तोलत पुन्हा म्हणून पाहिलं. मग "बरं" म्हणून तिने फोन ठेवला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या बाईला फ्लोटचं काय कळणार, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

रविवार, १६ मार्च

फ्लोट निर्दोष. प्लग, जेट, पेट्रोलचा पंप, सगळे निर्दोष. सगळे साक्षीदार सुटले आणि गुन्हा मात्र रोज घडतोय, असा हा खटला आहे.

आज एक बारीक रबरी नळी दिसली. टर्बोच्या मोठ्या पाइपातून निघते आणि कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीवर टोपणापाशी जाऊन बसते. मी विचारलं, "बाबा, ही कशासाठी?"

सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ती? ती शोभेची."

"शोभेची?"

"म्हणजे, दाबाची काहीतरी. तिला हात लावू नका, जुनी आहे, तडकेल. चहा होईल का हो?"

चहा झाला. हल्ली आमचा चहा गॅरेजमध्येच होतो. ते पत्र्याच्या डब्यावर कप ठेवतात, मी टायरवर बसतो. मी लिहिलेली बातमी ते रोज मोठ्याने वाचतात आणि चुका काढतात. आज म्हणाले, "नगराध्यक्षांनी 'तीव्र चिंता व्यक्त केली' असं लिहिलंय. तुम्ही तिथे होतात. खरंच तीव्र होती?"

"मध्यम होती."

"मग मध्यम लिहा. मिश्रण जाड होतंय तुमचं."

माझ्या संपादकाला हे वीस वर्षांत सुचलं नाही. मात्र एकदा अभ्यासिका परत मिळाली की या वाचनाचा जाच संपेल. त्या आशेवर सहन करतोय.

मंगळवार, १८ मार्च

एक गिऱ्हाईक मिळालं. आमच्याच वर्तमानपत्रात मी जाहिरात दिली होती: जुनी सहा सिलिंडर, टर्बोसह, प्रेमाने सांभाळलेली, चढावर किंचित दम खाते. गिऱ्हाईकाचा जुन्या गाड्यांचा संग्रह आहे. रविवारी येणार. त्याच दिवशी थोरलीही गाडी घेऊन येणार, वडिलांना न्यायला. दोन्ही कामं एका फेरीत. मेहुणी कार्यक्षम आहे.

जेवताना मी ही बातमी दिली. सासरेबुवा म्हणाले, "छान." ही म्हणाली, "छान."  आमटीत मीठ दुप्पट होतं. हिच्या हातून असं कधी होत नाही.

शनिवार, २२ मार्च

ही सकाळपासून वरची खोली आवरत होती. मी पायरीवरून डोकावलो तर तिने माझे सगळे ग्रंथ फ्रिजवरून उतरवून, पुसून, पूर्वीच्या क्रमाने कपाटात लावले होते. टेबल खिडकीपाशी, दिवा टेबलावर. पलंगाशी सासरेबुवांची बॅग भरून ठेवलेली.

"घ्या तुमची अभ्यासिका," ती म्हणाली आणि भरभर खाली गेली.

मी थोडा वेळ त्या खुर्चीत बसून पाहिलं. प्रकाश छान येतो. बसायला काहीच हरकत नव्हती. मग आठवलं की गॅरेजमध्ये पकड राहिली आहे, म्हणून उठलो.

दुपारी क्लिनिक बंद असूनही ही "जरा हात धुऊन येते" म्हणून गॅरेजकडे गेली. हात धुवायला गॅरेजमध्ये नळ नाही, हे तिच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

रविवार, २३ मार्च

आज सगळं विस्ताराने लिहायला हवं.

सकाळी लवकर उठलो. गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन पुसून चकचकीत करावं म्हटलं. पुसता पुसता ती शोभेची नळी बोटांत आली आणि मधे काहीतरी टणक लागलं. सासरेबुवा झोपले होते, म्हणून त्यांची आज्ञा मोडून नळी काढली. फुंकून पाहिलं. हवा जाईना. हिच्या बॅगेतला चिमटा आणला आणि ओढला, तर आतून एक पांढरी, मऊ, गोल गुंडाळी बाहेर आली.

मी ती तळहातावर घेऊन शास्त्रशुद्ध विचार केला. प्रतिज्ञा: हे एखाद्या कीटकाचं घर आहे. हेतू: कारण ते बिळात होतं आणि मऊ होतं. उदाहरण: जसं कोळ्याचं. उपनय: हेही तसंच आहे. निगमन: म्हणून हे कीटकाचंच घर. गुंडाळीची दोन्ही टोकं कात्रीने कापल्यासारखी सरळ होती, त्यावरून किडा नीटनेटका असावा. लवंगेचा वास येत होता, त्यावरून त्याचा मुक्काम लवंगेच्या झाडावर असावा. आसपास लवंगेचं झाड नाही, ही अडचण मी तूर्त बाजूला ठेवली.

नळीचं प्रयोजनही उलगडलं. टर्बो फुंकतो तेव्हा कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हवेचा दाब वाढतो आणि वाटीतलं पेट्रोल मागे ढकललं जातं. तोच दाब या नळीतून वाटीवरही यावा लागतो, म्हणजे दोन्हीकडून सारखं होऊन पेट्रोल सुखाने वाहतं. नळी बुजली की चढावर घसा कोरडा. शोभेची म्हणे!

नळी मोकळी लावली आणि एकटाच टेकडीवर गेलो. काय सांगू! दुसऱ्या वळणावर टर्बोने शीळ घातली आणि गाडीने जी उसळी घेतली, ती थेट पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबली. सहाही सिलिंडर एका सुरात. मी आनंदाने शेजारी वळून ओरडलो, "ऐकलंत का, बाबा?"

शेजारच्या सीटवर पकड होती.

पकडीशी बोलण्यात अर्थ नव्हता. टाकीपाशी थोडा वेळ थांबलो. मग सावकाश परत आलो.

घरात अजून सगळे झोपलेले. गॅरेजमध्ये त्यांची खुर्ची, पत्र्याचा डबा, त्यावर कालचा कप. गुंडाळी फळीवर पडली होती. आता इथे मला एक नैतिक पेच पडला. जाहिरातीत मी "चढावर किंचित दम खाते" असं छापलं होतं. वीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेला माणूस छापलेलं खोटं पडू देत नाही. दुसरं म्हणजे, एखाद्या जिवाने इतक्या काळजीने घर बांधलं असेल तर ते मोडण्याचा मला काय अधिकार?

मी गुंडाळी चिमट्याने परत नळीत सारली. पहिल्यापेक्षा जरा आतच.

गिऱ्हाईक आलं. चामड्याचे हातमोजे, डोक्यावर टोपी, गाडीभोवती दोन फेऱ्या. पाठोपाठ थोरली. ती बापाकडे बघून हसली आणि लगेच जिन्याकडे बघून तिच्या कपाळाला आठी पडली. चाचणीला सगळेच निघालो: गिऱ्हाईक चाकावर, सासरेबुवा शेजारी, मागे आम्ही तिघं.

पहिलं वळण सुरेख गेलं. दुसऱ्या वळणावर टर्बोने शीळ धरली.  आणि "हुक्."

सासरेबुवा खिडकीतून झाडं बघू लागले. ही दुसऱ्या खिडकीतून झाडं बघू लागली. मीही बघितली. सगळ्यांनाच एकदम निसर्गाची ओढ लागली. फक्त थोरली सरळ समोर, बॉनेटकडे बघत होती.

"काही हरकत नाही," गिऱ्हाईक म्हणालं. "मला चालेल. घेतली मी."

माझ्या तोंडून "अरेरे" निघालं. अभ्यासिका मिळणार या आनंदाचं असावं.

"इंजिन तसंही काढूनच टाकायचंय," तो पुढे म्हणाला. "बॉडी झकास आहे. आत नवं बसवतो, ऑटोमॅटिक. हा पंखाबिंखा भंगारात."

सासरेबुवा शांतपणे म्हणाले, "गाडी बाजूला घ्या."

"का हो? बरं वाटत नाही का?"

"मला उत्तम वाटतंय. उतरायचंय."

"अहो, इथे कुठे उतरता, मधेच?"

"मी नाही. तुम्ही."

शेवटी त्या गृहस्थाला चालत पाठवणं बरं दिसेना, म्हणून मी चाकावर बसलो आणि त्याला मागे दोन बहिणींच्या मध्ये बसवून खाली आणलं. उतारभर तो टोपी मांडीवर धरून होता. दोन दाढांच्या मध्ये अडकलेल्या चिकूच्या बीसारखा दिसत होता, असं ही नंतर म्हणाली.

तो गेल्यावर थोरलीने गॅरेजमध्येच विषय काढला. "बाबा, आता?"

"आता काय? शब्द काय होता माझा? चालू गाडी, चांगल्या हाती. गाडी चालू नाही. हात चांगला नाही."

"आणि पुन्हा पडलात म्हणजे? मी तिकडे रात्री फोन वाजला की दचकून उठते. हिला काय, ही धाकटी!" तिचा आवाज कापरा झाला. हे मला नवीन होतं. मी तिला आजवर कार्यक्षम समजत होतो.

 मग तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि न बघता बॉनेटची कडी उघडली. ती कडी कुठे असते हे समजायला मला आठवडा लागला होता. तिने सरळ ती बारीक नळी दोन बोटांत धरली, नाडी बघतात तशी, आणि खालपासून वर चाचपत गेली. एका जागी थांबली. बोटं नाकाशी नेली.

मग तिने धाकट्या बहिणीकडे पाहिलं. ही गॅरेजच्या छताकडे बघत होती. मग वडिलांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मग माझ्याकडे पाहिलं. मी का कोण जाणे, खिशातून डोकावणारा चिमटा हाताने झाकला.

"सगळेच?" ती म्हणाली.

गाडीचं गरम झालेलं इंजिन तेवढं टिक टिक करत निवत होतं.

थोरलीने बॉनेट लावलं. "जिन्याला कठडा बसवून घ्या. दोन्ही बाजूंनी. आणि रात्री वर दिवा चालू राहील. महिन्याने येऊन बघणार आहे, आणि मी एकेका स्क्रूवर खडूने खूण करत तपासते, माहितीये ना?"

"माहितीये, ताई," ही म्हणाली आणि तिला अशी बिलगली, की हिच्या खिशातून दोन गुंडाळ्या जमिनीवर पडल्या. कुणीच उचलल्या नाहीत.

निघताना थोरली मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, तो कापूस फार दिवस टिकत नाही. सैल झाला की दाब सोडतो. बदलत जा."

कीटकाच्या घराचा माझा सिद्धांत मी अजून कुणालाच सांगितला नव्हता, त्यामुळे ती बिचारी त्याला कापूस समजली. पाहुण्या माणसाला दुरुस्त करणं बरं नाही, म्हणून गप्प राहिलो.

सोमवार, २४ मार्च

सुताराला कठड्याचं माप देऊन झालं. ग्रंथ मी स्वतःच पुन्हा फ्रिजवर नेले. थंडाव्यात न्यायशास्त्र बरं टिकतं. सासरेबुवांची बॅग उपसली तर आत कपड्यांपेक्षा पाने जास्त निघाले.

सकाळी ते खुर्चीत येऊन बसले. "जावईबापू, आज परत प्लगपासून सुरुवात करू. घाई नको."

"नको," मी म्हणालो. "घाईत मिश्रण बिघडतं."

संध्याकाळी मी हिला किड्याचा संपूर्ण सिद्धांत, प्रतिज्ञेपासून निगमनापर्यंत पाचही अवयवांसह, समजावून सांगितला. लवंगेच्या झाडाची अडचणही लपवली नाही. तिने अत्यंत गंभीरपणे ऐकलं. मग पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे तिला बराच वेळ ठसका लागला होता.

आत्ता पकड ठेवायला गॅरेजमध्ये गेलो, तर फळीवर तिच्या क्लिनिकमधलं कापसाच्या गुंडाळ्यांचं एक आख्खं नवं पाकीट. हे कशाला, म्हणून विचारलं.

"तुमच्या किड्याला," ती म्हणाली. "सारखं घर बांधून दमत असेल हो बिचारा."